कुमारशेठचा सत्कार

विमानतळ येणार, येणार म्हणत होते त्या वर्षांतली गोष्ट. विमानाचा पत्ता नव्हता, पण पनवेलातले जमिनीचे भाव ढगांत पोचले होते. खाडीकाठचं खाजण, ती भरतीच्या पाण्याची दलदल, तेवढं अजून कोणी विकलं नव्हतं. पावसाळ्यात गाढी नदी फुगली की त्या हिरव्या पट्ट्यात पाय पसरून बसायची, म्हणून पलीकडच्या महादेवच्या घरात शिरायची नाही. तिथे मातीचा भराव टाकून सात टॉवर उभे करायचं कुमारशेठ बिल्डरने ठरवलं, आणि भूमिपूजनाला माइकवर बोलायला सांगितलं कोणाला, तर महादेवलाच!

महादेवचा आवाज पळस्प्यापासून उरणपर्यंत गाजलेला. क्रिकेटचे सामने असोत की कुणाची हळद, आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव तो असं घ्यायचा की पाहुण्याची छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटावं.

"जा, जा," त्याची बायको मालू फणकारली. "आपल्याच घरान पानी घालाला आवाज द्या. मी चूल माळ्यावर चरवते."

"गप गो. मी नाय गेलो तर दुसरा कोन जाईल. माइक माज्या हातान तरी हाय."

कुमारशेठने खाजणातच मांडव घातला आणि नारळी पौर्णिमेची सकाळ धरली. पावसाने चार दिवस उघडीप दिलेली. परवानगीवर सही करणारे साहेब येणार, भर श्रावणात कोरडं खाजण डोळ्यांनी बघणार, 'येथे पाणी येत नाही' असं लिहून जेवायला बसणार. मुहूर्त भटजींना विचारला होता. भरतीला कोणी विचारलं नव्हतं. पुनवेच्या दुपारी खाडीला उधाण येतं आणि ती नदीला मागे रेटते, हे महादेवला कळायचं आणि शेठला कळायचं नाही.

"कुदळ मारण्याआधी मान्यवरांचे सत्कार!" महादेव गरजला.

झालं. बेलपाड्याचे माजी सरपंच, विचुंब्याचे भावी सरपंच, माजींचे मेहुणे, भावींचे व्याही. प्रत्येकाला शाल, नारळ आणि चार वाक्यं स्तुती. मुहूर्त टळला. भटजींचाही सत्कार झाला, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

उन्हं डोक्यावर आली आणि मागच्या रांगेतल्या चपला तरंगू लागल्या. कोणी उठेना. उठलो आणि नेमकं आपलं नाव पुकारलं तर? पाणी गुडघ्याला लागलं, लोकांनी पँटी दुमडल्या. एका माजी सभापतींच्या मांडीवर निवटी, चिखलातली ती उड्या मारणारी मासळी, येऊन बसली. त्यांनी कार्यकर्ता समजून तिच्या पाठीवर हात फिरवला.

"म्हादेवभाई," स्पीकरवाला दाऊद कळवळला, "माझा ॲम्प्लिफायर बुडेल, खुदा की कसम!"

"डोक्यावर घे. अजून बरेच मान्यवर हायेत."

पाणी कमरेला आलं तसा कुमारशेठ कानाशी लागला, "महादेवराव, उरका! माझं नाव घ्या."

"साहेबांच्या आधी? मान असतो, शेठ."

"मग माझं घ्या की!" खुर्चीवर उभे राहिलेले साहेब ओरडले. सकाळपासून शाली वाटल्या जाताना बघून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

महादेवने शाल उलगडली. "मंडळी, या खाजणात मातीची एक पाटीही पडू देणार नाही, असं आज ठरवणारे आपले लाडके साहेब..." आणि तिथेच थांबला. पाण्यातून टाळ्या उसळल्या. बातमीदारांनी कॅमेरे डोक्यावर धरले. "साहेब, ठरवलंत ना?"

साहेबांनी शालीकडे पाहिलं, मग खुर्चीवरही कमरेकडे चढत्या पाण्याकडे.

"ठरवलं, ठरवलं! लेखी देतो! टाका एकदाची!"

शाल पडली. साहेब लग्नात लाजले नसतील तेवढे लाजले.

"आणि आता," महादेवने शेवटची शाल उचलली, "ही जागा नदीची नदीला सोडणारे दानशूर कुमारशेठ!"

टाळ्या थांबेनात. सत्कार झालेले सगळे तरंगत तरंगत शेठकडे बघू लागले. कुमारशेठने सात टॉवरांच्या बॅनरकडे पाहिलं. तो सुटून खाडीच्या वाटेला लागला होता. मग त्याने एक मोठा श्वास घेतला, पोहत पुढे आला आणि मान वाकवली.