वरची साखर

मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवलेले गणवेश माझ्या टेबलावर येतात, मी ते उलटेपालटे करते आणि जिथं टाका सुटलाय तिथं बाणाचं लाल स्टिकर चिकटवते. एकवीस वर्षं हेच चाललंय. लोक म्हणतात, तुझा स्वभाव फार संशयी. अहो, मला पगारच संशय घेण्याचा मिळतो!

तेव्हा ह्यांची साखर वाढल्यावर मी काय हाताची घडी घालून बसणार होते?

आमचे हे बंदरावर क्रेन चालवतात. दहा-बारा मजले उंच काचेच्या खोलीत एकट्यानं बसायचं आणि खालचे कंटेनर उचलून जहाजावर ठेवायचे. दरवर्षी कंपनीचा डॉक्टर तपासणी करतो. यंदा रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, "सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही अशीच असेल तर क्रेन बंद. वर चक्कर आली तर खालच्या माणसांचं काय?" क्रेन बंद म्हणजे गोदामात खोकी मोजायची. ह्यांनी घरी येऊन बूट काढले, एवढंच सांगितलं आणि न जेवता पडून राहिले. सव्वीस वर्षं वर बसलेला माणूस. खाली उतरवला तर झुरून जाईल, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"वरची साखर बंद करायला सांगितलीय. आणि जे खाईन ते मोबाइलमध्ये लिहायला."

"वरची?"

"हं. पूर्ण बंद," म्हणाले आणि अंघोळीला गेले. एकट्यानं बसून बसून ह्यांची बोलायची सवयच मोडलीय. शब्द चिमट्यानं काढावे लागतात.

आता, आमच्या घरात 'वरची' म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. वरच्या मजल्यावर माझी मोठी जाऊ राहते. वरची चावी, वरचं लाइटबिल, वरची पत्रं, सगळं तिचं. मोठे दीर चार वर्षांपूर्वी गेले, तेही साखरेनंच. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला जिन्यावर तिच्या चपला वाजतात आणि वाटी येते, वर बशीचं झाकण. आत कधी सफरचंदाच्या फोडी, कधी पपई, कधी सोललेलं संत्रं. "भावोजींना," एवढंच म्हणते आणि निघून जाते. मला कधी घे म्हणाली नाही, हेही सांगून ठेवते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे आहारवाल्या बाईंनीसुद्धा बरोब्बर तिथंच बोट ठेवलं! गोड ते गोड. आपणच फळवाल्याला विचारतो ना, "गोड निघेल ना हो?" मग ती गोडी काय आभाळातून पडते?

त्या संध्याकाळी वाटी आली, ती मी दारातूनच परत केली. "ह्यांना नको झालंय," म्हटलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि त्या जिना चढून गेल्या.

मोबाइलमधल्या त्या हिशेबात खाली साखरेची एक रेघ असते. मर्यादेत असली की हिरवी, वर गेली की लाल. मला वाटलं, वाटी थांबली, आता हिरवी होईल. कसली हिरवी! आठवडा गेला तरी लालच. सकाळी बोटाला टोचून बघायचं यंत्र आणलं होतं, त्याचाही आकडा हटायला तयार नाही. तपासणीला उरले पाच आठवडे. आतून माझी पार गाळण उडाली होती, पण दाखवते कशाला?

चहातली साखर मी आधीच दोघांचीही बंद केली होती. आता घरातल्या साखरेच्या बरणीवर, जिथवर साखर होती तिथं, बाणाचं स्टिकर लावलं. साखर बाणाखाली गेली नाही. ह्यांचे खिसे उलटे केले. बोलताना तोंडाचा वास घेतला. एकदा तर हे घोरत असताना घेतला. रेघेवर बोट दाबलं की दिवसभराची यादी उघडते, हे मला माहीत होतं. पण यादी लिहिणार कोण? हेच! आरोपीनं स्वतः लिहिलेला जबाब कुणी वाचतं का?

एकदा जेवताना हे म्हणाले, "रसाचं जरा कमी करू या का?"

रस म्हणजे मी रोज देते तो फळांचा रस. सकाळी एक पेला आणि कामावर बाटली भरून. खोक्यावर इतकी सुंदर फळं काढलीयत की बघूनच बरं वाटावं. सगळं गोड तोडलं, माणसाला शक्ती कुठून यायची? मी स्वतः निवडून आणलेलं खोकं होतं ते.

"हे वरून आलं वाटतं," मी म्हटलं.

ह्यांनी मान खाली घालून भाताचा घास उचलला. तेव्हाच मी ताडलं, पाणी मुरतंय.

आणि तिसऱ्या आठवड्यात चोर सापडला. ह्यांच्या डब्याच्या पिशवीत, कागदात गुंडाळलेली संत्र्याची सालं!

"कुणी दिलं?"

"वहिनीनं. जिन्यात भेटली." मग जरा थांबून, "संत्रंच तर आहे."

संत्रंच तर आहे! मी रोज सकाळी ह्यांचं बोट टोचतेय आणि हे दोघं माझ्या पाठीमागे जिन्यात संत्री देतायत-घेतायत. मी ती सालं मुठीत धरली आणि तशीच वर गेले. जाऊबाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या.

सालं त्यांच्यासमोर टाकून मी म्हटलं, "तुमच्या हातचं खाऊन एक गेला. दुसऱ्याला तरी सोडा."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. टाका मात्र पार वाकडा गेला, तो मला दिसला. मी खाली आले. मनात म्हटलं, बोलले ते बरंच झालं, एकदाचा निकाल लागला.

निकाल कसला लागतोय! चौथ्या आठवड्यातही रेघ लाल. मग मी रजा टाकली आणि ह्यांना घेऊन आहारवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, आता समोरासमोरच होऊ दे.

बाई तरुण होत्या, चष्मा कपाळावर. "मी वरची साखर पहिल्याच दिवशी बंद केली," मी सांगितलं. "वाटी दारातून परत केली. पण हे चोरून खातात."

"कसली वाटी?"

"फळांची."

"फळं का बंद केली?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मी वाटीभर फळ खा म्हणून सांगितलं होतं. वरची साखर म्हणजे वरून घातलेली. चहातली, बिस्किटातली."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या तक्त्यातलं काकडीचं चित्र बघत होते.

"पण मोबाइल लाल दाखवतो!"

"तो मोबाइल गाढव आणि घोडा एकाच दावणीला बांधतो," बाई म्हणाल्या. "फळातली, दुधातली, डब्यातली, सगळी साखर एकत्र मोजतो. अख्खं फळ चावून खाल्लं की त्यातला चोथाही पोटात जातो, साखर हळूहळू उतरते, पोटही भरतं. पाटीभर खाऊ नका, वाटीभर खा. एवढ्याची धास्ती घ्यायची गरज नाही." बोलता बोलता त्यांनी यादी उघडली आणि त्या थांबल्या. "हा रस कोण देतं? दिवसाला तीन पेले?"

"मी," मी म्हटलं. अजूनही जरा ताठ्यातच.

"खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीत?"

गणवेशावरचा एक सुटलेला धागा मला हातभर अंतरावरून दिसतो. ते खोकं महिनाभर मी रोज हातात धरत होते. बाईंनी मोबाइलवर त्याचाच फोटो शोधून काढला आणि मोठा करून दाखवला. पहिलं पाणी, दुसरी साखर, फळ तिसरं. "आणि नुसता रस असता तरी पेले भरभरून नको," त्या म्हणाल्या. "चार फळांची साखर घटाघटा जाते, चोथा राहतो बाहेर."

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला 'वरची'चा अर्थ कळला होता?"

"हो."

"मग दातखीळ बसली होती का?"

"रसाचं बोललो होतो. फळाचं म्हणशील, तर वाटलं, तुला वहिनीची वाटी नकोच आहे. तुला निमित्त मिळालं, म्हणून गप्प बसलो."

वर जाऊन काय बोलून आले होते, तेही मग मी रस्त्यातच सांगून टाकलं. हे चालता चालता थांबले. मग म्हणाले, "ते तूच निस्तरायचं. मी मध्ये पडणार नाही."

रसाची खोकी गेली. पाचव्या दिवसापासून सकाळचा आकडा उतरायला लागला. मी बाजारातून फळं आणून स्वतःच चिरायला लागले, पण जिना काही चढवेना. एक पायरी चढायचे आणि काहीतरी काम आठवायचं. मेली लाज! माझ्यासारखी तोंडाळ बाई, आणि दोन शब्दांसाठी पंधरा दिवस जिन्याखाली घुटमळतेय.

तपासणी झाली. डॉक्टरनं क्रेनवर बसायला परवानगी दिली, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायच्या अटीवर. ह्यांनी कामावरून फोन केला. मागे वारा ऐकू येत होता. "वरूनच बोलतोय," म्हणाले, आणि मी भर कारखान्यात रडले.

घरी आले, पर्ससुद्धा ठेवली नाही, थेट वर गेले. जाऊबाईंनी दार उघडलं.

"ह्यांना क्रेन मिळाली," मी म्हटलं. "चूक माझी होती, रसाची. तुमच्या फळांची नव्हती. आणि मी तुम्हाला जे बोलले ते... जीभ झडायला हवी होती माझी."

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले. त्या मात्र उभ्याच राहिल्या.

"तू बोललीस ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना साखर निघाली तेव्हा मला कुणीतरी सांगितलं, फळातही साखर असते. मी घरात फळ येणंच बंद केलं. सहा वर्षं. शेवटी इस्पितळात ह्यांना काही गिळवत नव्हतं. संत्रं मागितलं. एक फोड दे म्हणाले. मी नाही दिली. म्हटलं, साखर वाढेल." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "दुसऱ्या दिवशी गेले. नंतर डॉक्टरांनी सहज विचारलं, फळ का नव्हता देत? द्यायला हवं होतं."

मी उठून त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"जाऊबाई, उद्यापासून वाटी पाठवा," मी कसंबसं म्हटलं.

"वाटी नाही पाठवणार," त्या म्हणाल्या. "भावोजींनाच वर पाठव. माझ्यासमोर बसून खाऊ देत."