लाल दोऱ्याची सळई

मी एक जुना, डोकं फुटलेला डिजिटल तापमापक आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. आधी ऐका.

१९८९ साली ठाण्यातल्या एका गाळ्यात माझी जुळणी झाली. कपाळावर लाल आकडे, आणि दोन लांब वायरींच्या टोकाला दोन पोलादी सळया. एक नंबर आणि दोन नंबर. दिसायला जुळ्या बहिणी. माझं बटण फिरवलं की एकीचा आकडा, पुन्हा फिरवलं की दुसरीचा.

डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात मला भिंतीवर बसवलं. माझा माणूस धाकू. जवळच्याच आगरी गावातला, सातवी नापास. माझ्यासोबत आलेलं पुस्तक त्याने ओळीखाली बोट धरून तीन दिवसांत वाचून काढलं. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्यायचं, त्यात सळई ढवळायची. आकडा स्थिरावला की बारीक स्क्रू पिळून तो शून्यावर आणायचा. मग उकळतं पाणी. तिथे शंभर यायलाच हवेत. एवढं झालं की एक नंबरला लाल दोरा बांधून ती रसायन शिजवणाऱ्या रिॲक्टरच्या पोटात, आणि दोन नंबरला काळा दोरा बांधून ती रिॲक्टरला गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पाण्यात. ॲसिड पडेल तसं आत तापतं, म्हणून आतलं तापमान साठच्या वर चाललं की ॲसिडचा कॉक बंद.

"ह्यो खोटा बोलाचा नाय," असं म्हणत धाकू माझं कपाळ पुसायचा. चार वर्षं मी मानाने जगलो.

मग त्र्याण्णवची खंडेनवमी आली. धाकू रजेवर होता. सुपरवायझर गोपीनाथसाहेबांनी झाडून सगळी यंत्रं धुवायला काढली. माझ्या सळया उपसल्या, त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दोरे मळके दिसले म्हणून कापून टाकले. दसरा झाल्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने सळया परत खोचल्या. उलट्या: एक नंबर बाहेरच्या पाण्यात, दोन नंबर रिॲक्टरच्या पोटात.

धाकू थर्मास घेऊनच कामावर आला.

"सायेब, दोरं कोनी कापलं?"

"मी. पूजेत चिंध्या ठेवू?"

"मंग धा मिनटा द्या, तपासतो."

"पूजा झालीय, शहाण्या! आता देवाची परीक्षा घेतोस?" आणि सण्णकन कानाखाली. थर्मास लाथेने उडाला, आतली काच भुगा झाली.

काम सुरू झालं. माझ्या कपाळावर अडतीस. "आत थंड आहे, ॲसिड वाढव!" साहेब ओरडले. मी खोटं बोलत नव्हतो. अडतीस बाहेरच्या पाण्याचे होते.

धाकूने बटण फिरवलं. चौऱ्याऐंशी.

"सायेब, भायेर चौऱ्याऐंशी नि आत अडतीस? सळया उलट्या लावल्यान तुमी!"

"धुताना पाणी गेलं असेल. कॉकला हात लावलास तर तोडीन."

धाकू झेपावला. साहेबांनी त्याचे केस धरले आणि तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. एकदा. दोनदा. दात खाली सांडले. खालच्या खोलीत तेरा बायका रंगाच्या पिशव्या भरत होत्या. रक्ताची गुळणी थुंकत धाकू बोंबलला, "सगुणाबाय, पला! समद्या पला!" मग साहेबांच्या मनगटाला कडकडून चावला, सुटला आणि कॉक पिळला. साहेब जिन्याकडे धावले.

उशीर झाला होता. झाकण उडालं. उकळतं ॲसिड धाकूवर आलं आणि सदऱ्याबरोबर पाठीची कातडी उतरली.

तेराच्या तेरा बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या, जिवंत. धाकू तिसऱ्या दिवशी गेला.

त्याआधीच साहेब हातोडा घेऊन माझ्याकडे आले होते. तीन घाव. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'तापमापक बिघडल्याने अपघात.' सगुणाबाईने सगळ्यांसमोर पायातली चप्पल काढून साहेबांच्या तोंडावर हाणली. "मशीन नाय बिघारली, मेल्या! तू मारलास त्याला!" तिला धरून बाहेर काढलं. कागद तसाच राहिला.

मी आता विठ्ठलवाडीच्या भंगारात पडलो आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना फुलं वाहू नका, आम्हाला तपासा. आणि कुणी तुमच्या तोंडावर आकडा फेकला, तर तो नेमका कुठला आहे हे विचारा. कानाखाली बसली तरी विचारा. धाकूने विचारलं होतं. तेव्हा तिथले बाकीचे आम्ही सगळे गप्प होतो, आणि त्यात माझा तरी नाइलाज होता. मला तोंड नव्हतं.