यादिराची सुईण

नदीकाठच्या अर्ध्या गावाची नाळ फिदेलिनाने कापली होती. म्हणून तिची लेक यादिरा ओसरीवर नारळ खवता खवता म्हणाली, “आई, या खेपेला मार्सियाना बाळंतपण करणार आहे,” तेव्हा तिला आधी ती चेष्टाच वाटली.

“कोण, मार्सियाना? तिला नाळ बांधायला मी शिकवलं.”

“मग झालं तर. तुझ्याच हाताखालची आहे.”

फिदेलिनाच्या काळजात कळ उठली ती काही केल्या जाईना. मार्सियाना घरी येऊ लागली. होडी कुणाची सांगून ठेवायची, पेट्रोल कुठे ठेवायचं, अडलंच तर ग्वापी शहरातल्या इस्पितळात सोबत कोण येणार, सगळं ती यादिराशी बसून ठरवायची. फिदेलिना चुलीपाशी कोळंबी सोलायची, कान मात्र तिकडे. मार्सियानाने पोटाला तेल लावून “डोकं खाली आहे, छान आहे,” म्हटलं की यादिरा हसायची. माझ्याकडे बघून ही कधी अशी हसली, असं आईला वाटायचं.

नववा लागला. एका दुपारी यादिराची कंबर भरून आली, म्हणून फिदेलिना चोळायला बसली. हात सहज पोटावर गेला आणि थबकला. बरगड्यांखाली टणक, वाटोळं काहीतरी होतं. डोकं. मूल फिरलं होतं, पायाळू.

तिने हात काढून घेतला. बोलली नाही.

ऐन वेळी मार्सियानाला घाम फुटेल, दारात येऊन म्हणेल, मावशी, चला. सगळा गाव बघेल. त्या विचाराने तिला जेवण गोड लागलं. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना बाया मार्सियानाचं कौतुक करत होत्या, तर हीसुद्धा मान डोलावत राहिली.

घरी आल्यावर तिला राहवलं नाही. “माझे हात तुला नकोसे का झाले ग?”

यादिरा बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. “पहिल्या वेळी मी ओरडले तर तू म्हणालीस, तोंड मिट, गाव ऐकतंय. मला ओरडायचंय, आई. आणि तुझा हात धरायचाय. तू सुईण झालीस तर तो कसा मोकळा राहील?”

फिदेलिनाने हातातलं धुणं खाली ठेवलं. “मूल पायाळू आहे,” ती म्हणाली. “काल हाताला लागलं.”

“काल? आणि तू गप्प बसलीस?”

ओल्या परकरानिशीच फिदेलिना मार्सियानाकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, गप्प बसल्याचंही.

“मावशी, मला शिकवताना तुम्ही असं नव्हतं शिकवलं,” मार्सियाना म्हणाली आणि चपला घालून निघाली.

दोघींनी यादिराचं पोट चाचपलं. घरच्या बाळंतपणाचा बेत मोडला, पण होडी आणि पेट्रोल तयार होतं, म्हणून लगेच निघता आलं. वाटेतच कळा सुरू झाल्या. यादिरा संतापलेली होती, तरी आईचा हात तिने सोडला नाही. नदीभर ओरडत गेली. फिदेलिना एकदाही गप्प बस म्हणाली नाही.

इस्पितळात पोट चिरून मुलगी झाली. नर्सने बाहेर आणून ती जवळ उभ्या असलेल्या मार्सियानाच्या हातात दिली. फिदेलिनाने लगेच ओंजळ पुढे केली.

“दे इकडे.”

“थांबा की मावशी, बघू तरी द्या,” मार्सियाना म्हणाली आणि सावकाश, डोकं सांभाळत, तिच्या ओंजळीत पोर ठेवली.

यादिरा मात्र पुढे कितीतरी दिवस आईशी नीट बोलली नाही.