एकाच गावात तीन आठवडे

दर जानेवारीत, नाताळचं झाड घराबाहेर गेलं की क्लाइव्ह जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरायचा. इंग्लंडमधल्या लडलोजवळच्या त्यांच्या घरात मग महिनाभर ताटं मांडीवर घेऊनच जेवणं व्हायची. फेरीबोट कुठली घ्यायची, पहिला मुक्काम कुठे, गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हान, लावायला सपाट जागा कुठे मिळेल, सुट्टीचं सगळं तोच ठरवायचा. त्याची बायको ग्लेनिस चहा आणून द्यायची आणि विचारलंच तर "छान आहे" म्हणायची.

या वर्षी नकाशा कपाटातच राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी क्लाइव्हला गाडी चालवायला मनाई केली होती. नजरेच्या मधोमध धूसर डाग बसला होता आणि तो पसरत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. कॅरॅव्हान विकून टाकू, असं तो म्हणाला, आणि विषय संपला असं समजून रेडिओ लावून बसला.

ग्लेनिसने ती विकली नाही. कॅरॅव्हान ओढून न्यायला शिकवणारा वर्ग लावला आणि रविवारी रग्बी क्लबच्या रिकाम्या आवारात सराव सुरू केला. मागे घेताना कॅरॅव्हान हमखास भलत्याच बाजूला वळायची. क्लाइव्ह शेजारी बसून सूचनांचा भडिमार करायचा. एका रविवारी तिने इंजिन बंद केलं.

"इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसले. एका तरी वळणावर तोंड उघडलं का?"

"तोंड नाही उघडलंस. पायाने मात्र दर वळणाला नसलेला ब्रेक दाबायचीस."

तिला हसू आलं, तरी तिने त्याला खाली उतरवलंच. तो कुंपणापाशी पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळाने कॅरॅव्हान सरळ मागे आली. नुसत्या आवाजावरून त्याला ते कळलं.

संध्याकाळी मात्र त्याने स्वतःहून नकाशा काढला. म्हणाला, "गाडी तू चालवणार. मग कुठे जायचं तेही तूच सांग."

हा प्रश्न ग्लेनिसला कधी कुणी विचारलाच नव्हता. इस्त्री करताना, दुकानात रांगेत उभं असताना ती त्यावर विचार करत राहिली. आजवरच्या सगळ्या सुट्ट्या तिला आठवल्या. दर दुसऱ्या सकाळी कपबशा कागदात गुंडाळायच्या, कॅरॅव्हानला जोडलेला तंबू उतरवायचा, पुढचं गाव गाठायचं. शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या बाईशी जरा सूर जुळतो न जुळतो तोच निघायची वेळ व्हायची.

अखेर एकदा नाश्त्याला तिने सांगून टाकलं. फ्रान्समधल्या दोर्दोन नदीकाठचं एक छोटं गाव, आणि तिथेच तीन आठवडे.

"एकाच जागी? मग कॅरॅव्हान कशाला, घरच बांधू की," क्लाइव्ह म्हणाला. मग त्याने हातातला टोस्ट खाली ठेवला. "हे तुझ्यासाठी की माझ्यासाठी? खरं सांग."

ती म्हणाली, "दोघांसाठी. मला कपबशा गुंडाळायचा कंटाळा आलाय. आणि तुला आता रस्ता पाठ व्हायला वेळ लागेल."

त्याच्या डोळ्यांबद्दल इतकं स्पष्ट त्या घरात अजून कुणी बोललं नव्हतं. क्लाइव्हने टोस्टचा उरलेला तुकडा संपवला. मग त्याने विचारलं, "तिथे बेकरी किती लांब आहे?"

मे महिन्यात ते गेले. ग्लेनिसने गाडी आणि कॅरॅव्हान सावकाश फेरीबोटीवर चढवली, आणि क्लाइव्हने शहाण्यासारखी एकही सूचना केली नाही. पहिले काही दिवस ती रोज सकाळी त्याच्याबरोबर बेकरीपर्यंत चालत गेली. डाव्या हाताला गवताची कड, मग पूल, मग चढ. एका सकाळी तिला जाग आली तर तो अंथरुणात नव्हता. ती चप्पल घालून दारात उभी राहिली, पण शोधायला गेली नाही. बऱ्याच वेळाने तो काखेत पाव घेऊन पुलावरून येताना दिसला.

"अक्रोडाचा दिलाय गं त्या बेकरीवालीने," तो कुरकुरला. "मी बोट भलतीकडेच दाखवलं."

ग्लेनिसने पाव कापला आणि लोण्याचा डबा त्याच्या हाताशी सरकवला.