कमानीनं मोजलेले बिन

अठराशे लोखंडी बिनांवर टॅग बसवून झाले, तोवर विरूपाक्ष हेरवाडेंचा उजवा खांदा कामातून गेला होता. शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत ते तीस वर्षं डिस्पॅच सांभाळत होते. ओतकामाचा माल बिनांत भरून पुण्याच्या मोटार कंपनीला पाठवायचा, रिकामे बिन परत आले की उतरवून घ्यायचे. या वर्षी पुण्याहून फर्मान आलं, की आरएफआयडी टॅग नसलेला बिन यापुढं आत घेतला जाणार नाही. मग काय, बोटाएवढा काळा टॅग प्रत्येक बिनाला रिव्हेट मारून बसवायचा, नंबर मशीनमध्ये चढवायचा, की पुढचा बिन. एकोणीस दिवस हेच चाललं होतं.

गेटवर दोन्ही बाजूंना अँटेनाचे उंच खांब उभे राहिले. कामगारांनी त्याला कमान म्हणायला सुरुवात केली. गाडी कमानीतून गेली, की आतले टॅग आपोआप वाचले जायचे, ऑफिसातल्या स्क्रीनवर आकडा उमटायचा आणि चलन छापून बाहेर पडायचं.

पूर्वी विरूपाक्ष आणि ड्रायव्हर लालासाब मुजावर गाडीमागं उभे राहून दोघं मिळून बिन मोजायचे, मगच सह्या व्हायच्या. पुण्याची खेप लालासाबचीच असायची. हातकणंगल्याहून स्वतःचा टेम्पो घेऊन हा माणूस एकोणीस वर्षं येत होता. आता मोजायचं कारण उरलं नव्हतं. विरूपाक्षांना खरं तर बरंच वाटलं. गुडघे दुखत होते, खांदा दुखत होता. एक काम कमी झालं तर कुणाला नको असतं?

पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात पुण्याहून मेल आला, की चलनावर चोवीस बिन आहेत, पोचले बावीस. पुढच्या आठवड्यात एक कमी. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन. मालकांचा मुलगा विश्वजित हल्ली कारखाना बघत होता. त्यानं विरूपाक्षांना केबिनमध्ये बोलावलं.

"आण्णा, पाच बिन गेले कुठं? आपल्या गेटमधनं बाहेर पडलेत. पुण्याच्या गेटात शिरलेले न्हाईत. मधे कोण हाय?"

"लालाभाई तसा माणूस न्हवं दादा."

"मी कुठं काय म्हणतोय? मशीनला ना कोण मामा हाय, ना काका. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की बिन हितनं गेलेत."

स्क्रीनवर पाचही बिनांचे नंबर होते, तारीख होती, वेळ होती. विरूपाक्षांनी कागद वाचला. त्यात खोटं असं काही दिसत नव्हतं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी लालासाबचा टेम्पो गेटवरच थांबवला आणि तुझी खेप बंद म्हणून सांगितलं. तो चिडला नाही, ओरडला नाही. उतरून सरळ डिस्पॅचच्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

"आण्णा, एकच सांगा. त्या खेपांना तुमी मोजलासा काय?"

विरूपाक्षांनी चष्मा काढून पुसला. "कमानीनं मोजलंय की, लालाभाई."

"कमानीचं न्हाय इचारलं मी."

विरूपाक्ष चष्मा लावून चलनं चाळू लागले. लालासाब निघून गेला. टेम्पो बाहेर वळताना त्याचा आवाज विरूपाक्षांना ऐकू आला, पण त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे पंधरा दिवस ते घरून डबा आणायचे आणि निम्मा परत न्यायचे. पत्नी शांतादेवींनी दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. ते म्हणाले, दमलोय. तेही खोटं नव्हतं.

मग एका दुपारी भट्टीवरून निरोप आला, की नापास माल पुन्हा वितळवायला पाठवून द्या. हा नापास माल बिनांत भरून गेटाशेजारच्या भिंतीला लावून ठेवलेला असायचा. भट्टीजवळ जागा पुरत नाही म्हणून कमान आल्यावर महिनाभरानं विरूपाक्षांनीच तो तिथं हलवायला लावला होता. ते उन्हात बिनांवरचे रंगवलेले नंबर वहीत उतरवून घेऊ लागले आणि एका नंबरापाशी त्यांचा हात थांबला. अकराशे सत्त्याऐंशी. हा नंबर त्यांनी सही केलेल्या कागदावर होता. त्याच्या मागं अकराशे चार. त्याच्यावर सहाशे बारा. हरवलेले पाचही बिन तिथंच होते, भरलेले, धूळ बसलेले. त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

विरूपाक्षांनी वही मिटली. मग त्यांनी शेडमधून टॅग असलेले, मशीनवर अजून रवाना न झालेले दोन बिन आणवून खांबाजवळ ठेवायला लावले आणि नव्या ड्रायव्हरला म्हणाले, "रिकामी गाडी कमानीतनं भाईर काढा."

"रिकामी? कशाला?"

"काढा म्हणतोय न्हवं."

गाडी गेली. स्क्रीनवर अक्षरं उमटली: दोन बिन, रवाना.

कमान बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर प्रेरणा कोल्हापूरच्या राजारामपुरीतून तासाभरात आली. तिनं स्वतः तीनदा गाडी आतबाहेर करायला लावली. शेवटी लॅपटॉप मिटून म्हणाली, "काका, चूक आमची आहे. टॅग सुटू नयेत म्हणून अँटेनाची ताकद मी जास्त ठेवली होती. ती गाडीतले टॅग वाचते, आणि शेजारी उभे असलेलेही. गाडी जात असताना जे वाचलं जाईल ते गाडीत आहे, असं सिस्टीम धरून चालते. एकदा गेला म्हणून नोंद झाली, की बिन परत आल्याची नोंद होईपर्यंत ती तो पुन्हा धरत नाही. म्हणून लक्षात आलं नाही."

"आनि ते बिन तिथं ठेवायला मी सांगिटलं."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, तिथं ठेवायचे नाहीत म्हणून."

त्या पोरीच्या प्रामाणिकपणाचा त्यांना आधार वाटला, आणि लाजही वाटली. तिनं ताकद कमी केली, भिंतीलगतची जागा पट्टे मारून रिकामी ठेवायला सांगितली. विश्वजित म्हणाला, "चला, सुटला प्रश्न. लालाभाईंना फोन लावा, सोमवारपासून या म्हणावं."

"फोन न्हाय दादा. पत्र द्या. मी जातो घेऊन."

सुट्टीच्या दिवशी ते एसटीनं हातकणंगल्याला गेले. लालासाबच्या बायकोनं, रोशनबीनं दार उघडलं. पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "धाकटीचं लगीन ठरवाय पावणं आलतं. बाप काय करतो इचारलं, तर गल्लीतनंच कुणीतरी सांगिटलं, कारखान्यातनं काढलाय म्हणून. कशासाठी, तेबी सांगिटलं."

विरूपाक्षांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

लालासाब अंगणात टेम्पोत वांग्याचे क्रेट रचत होता. शिरोळ तालुक्यातला भाजीपाला आता तो कोल्हापूरला पोचवत होता. पत्र त्यानं हातात घेतलं, उलटसुलट केलं. "इंग्रजीत हाय. वाचा तुमीच."

विरूपाक्षांनी वाचून सांगितलं. तांत्रिक त्रुटीमुळे नोंदीत तफावत आली, ती दुरुस्त केली आहे, सहकार्याबद्दल आभार.

"यात माझं नाव कुठं हाय?"

नव्हतंच. त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खिशातून पेन काढलं, क्रेटवर कागद ठेवला आणि खालच्या मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं: 'लालासाब मुजावर यांचा यात काही दोष नव्हता. बिन कारखान्यातच होते. मी न मोजता सही केली.' खाली नाव, हुद्दा, तारीख. क्रेटच्या फटींमुळं अक्षर वाकडं आलं.

लालासाबनं ते दोनदा वाचलं आणि कागद रोशनबीच्या हातात दिला. "पावण्यांस्नी दाखव ह्यो." ती कागद पदराखाली धरून आत गेली.

"सोमवारी येताय न्हवं?" विरूपाक्षांनी विचारलं.

"न्हाय आण्णा." त्यानं दोरी ओढून गाठ मारली. "तुमच्यावर राग न्हाय आता. पण त्या गेटातनं परत गाडी घालायची म्हणजे... नको. वांग्याला टॅग न्हाय, हे बरं हाय." तो किंचित हसला. "चला, शिरोलीपतूर सोडतो."

केबिनमध्ये बसताना विरूपाक्षांच्या गुडघ्यातून कळ आली. लालासाबनं हात दिला. चोकाक गाव मागं पडलं, तसं विरूपाक्षांचे डोळे मिटू लागले. कितीतरी दिवसांनी त्यांना अशी झोप येत होती. लालासाबनं त्यांच्या बाजूची काच वर केली आणि गाडी जरा हळू घेतली.

"आण्णा, उठा," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "शिरोलीचा फाटा आला."