दोन ओळींत बसणारं वाक्य

आमच्या साप्ताहिकाच्या दुसऱ्या पानावर एक चौकट असते. आठवडाभरात कुणी काय लक्षात राहण्यासारखं बोललं, ते त्यात छापतात. तीन वाक्यं राजकारणातली, तीन विज्ञानातली. गेली सोळा वर्षं ती चौकट मी भरते. लोक अंक हातात घेतला की आधी तीच वाचतात, असं संपादक सांगतात. बाकीचं वाचतात की नाही, हे ते सांगत नाहीत.

काम सोपं आहे. सभागृहातली भाषणं, व्याख्यानं, मुलाखती, वर्तमानपत्रं, संशोधकांच्या पत्रिका, सगळं चाळायचं. वाक्य आवडलं की ते जसंच्या तसं निळ्या शाईने कार्डावर उतरवायचं. वाक्य दोन ओळींत बसलंच पाहिजे, हा संपादकांचा नियम. नाही बसलं तर जादा भागाला लाल पेन्सिलीने कंस घालायचा, म्हणजे तेवढा छापत नाहीत, खाली सही करायची आणि छापून झालं की कार्ड डब्यात टाकायचं. डबा वर्षभर ठेवतात. तो कधी कुणी उघडलेला मी पाहिलेला नाही.

त्या आठवड्यात माझ्याकडे चांगला माल होता. एक मंत्री म्हणाले होते, "आम्ही आश्वासन दिलं होतं, तारीख दिली नव्हती." झुरळांवर काम करणाऱ्या एका बाई म्हणाल्या होत्या, "झुरळांना आमच्याबद्दल काय वाटतं, हे शोधायला अजून निधी मिळालेला नाही." एक खगोलशास्त्रज्ञ म्हणाला होता की शंभर कोटी म्हणजे त्यांच्याकडे सुटे पैसे समजतात. सहावं वाक्य माझ्या दादाचं होतं.

दादा पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे. शहराला नव्या तळ्याचं पाणी द्यायचं की नाही, याच्या तपासण्या त्याच्याकडे होत्या. त्याचं वाचनालयात व्याख्यान झालं. चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी पंख्याखालची जागा बघून बसलेली. कागद हातात न घेता बोलायची त्याला हौस. कुणीतरी विचारलं, तुम्ही स्वतः पिता का हे पाणी? दादा म्हणाला, "तळ्याचं पाणी मी स्वतः रोज पितो, पण ज्या घरात लहान मूल आहे, त्यांनी आणखी सहा महिने ते पिऊ नये."

मी पुढच्या रांगेत बसून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर मोजलं तर तीन ओळी होत होत्या. मी 'पितो'नंतर कंस घातला. सही केली. सोळा वर्षांत असे हजार कंस घातले असतील. कचेरीत मला कात्रीबाई म्हणतात आणि मला ते आवडायचं.

अंक आला तेव्हा दादाने ते पान प्रयोगशाळेच्या कपाटावर चिकटवलं. मंत्र्याच्या शेजारी आपलं नाव, म्हणून खूश होता. आपलं वाक्य छापून आलं की माणूस ते वाचत नाही, नुसतं बघतो. मग तो एका धरणाच्या पाण्याचे नमुने घ्यायला डोंगरात निघून गेला. तिथे फोन लागत नाही. इकडे पाणीपुरवठा मंत्र्यांनी सभागृहात आमचं साप्ताहिक उंच धरून ते वाक्य वाचून दाखवलं. दादाचा अहवाल पूर्ण व्हायला दोन महिने होते, पण त्या चौकटीवर टाळ्या पडल्या आणि चार दिवसांनी नळ सुरू झाले.

तीन आठवड्यांनी तळ्याकाठच्या भागातली एकेचाळीस मुलं आजारी पडली. चाळीस बरी झाली. एक सहा वर्षांची मुलगी गेली.

पहिली बातमी आली त्या दिवशी मी डब्यातून ते कार्ड काढलं, पर्समध्ये ठेवलं आणि घरी आणलं. कपाटात, पांघरुणांच्या खाली. घाबरले म्हणावं तर भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. कचेरीत जात होते, वाक्यं वेचत होते, कंस घालत होते. मुलीचा फोटो आमच्याच अंकात आला. त्याच्याखालच्या ओळी मीच तपासल्या आणि त्यात चूक नव्हती.

दादा डोंगरातून परत आला तसं त्याला घरी बसवलं. तपासण्या पुऱ्या होण्याआधी पाणी पिण्याजोगं असल्याचं जाहीर केलं, असा आरोप. बुधवारी चौकशी समितीपुढे त्याला उभं राहायचं होतं. नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं, आणि वर खटला. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण कुणी केलेलं नव्हतं. ऐकायला आलेल्यांना विचारलं, तर तेही छापलेलंच वाक्य सांगत होते.

रविवारी दुपारी मी दादाकडे गेले. बाहेरच्या खोलीत तो खुर्चीवर बसला होता, दाढी वाढलेली, समोर आमचा तो अंक. वहिनी आतून म्हणाली, "या वन्सं, आज बरी वाट चुकलात," आणि चहा ठेवायला गेली.

"बुधवारी काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"काय सांगणार! म्हणालो म्हणून सांगणार."

"तुला आठवतंय का पण, तू तसं म्हणालास?"

"नाही आठवत. मला आपलं वाटत राहतं, की मुलांचं काहीतरी मी बोललो होतो. मी बोलल्याशिवाय कसा राहीन? पण ते वाटणंच असणार." त्याने अंकावर बोट ठेवलं. "इथे छापलंय ना. तू समोर बसून लिहून घेतलंस. तू चुकीचं छापत नाहीस गं. मीच चुकीचं बोललो."

मी पर्समधून कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने चष्मा वर केला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवून. मग तो हसला. हसला म्हणजे लहान मुलासारखा, खुर्चीतून उठून. "म्हणालो होतो! अगं, ऐकलंस का, मी सांगितलं होतं! लहान मूल, सहा महिने, सगळं! बाहेर ये, बाहेर ये लवकर!" कार्ड उंच धरून तो खोलीत गोल फिरला. मग सहकाऱ्याला फोन लावला आणि वाजतोय तोवर मला म्हणाला, "तू म्हणजे ना, देवासारखी आलीस!"

वहिनी हात पुसत आली. तिने त्याच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं. निळी शाई वाचली, लाल कंस पाहिला, खालची सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमच्याकडे किती दिवस होतं?"

"अकरा आठवडे," मी म्हणाले. "कंस मीच घातलाय. समितीला लिहून देते, बुधवारी स्वतः येते. त्या मुलीच्या घरीही जाणार आहे."

फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं. दादाने तो बंद केला. तो खुर्चीत बसला, आणि त्याचं हसू गेलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं.

"अकरा आठवडे मी झोपलो नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, प्रयोगशाळेतला आकडा सांगावा तसं सांगितलं. "आणि तू रोज सकाळी फोन करून विचारायचीस, दादा, झोप लागली का."

"हो," मी म्हणाले. "विचारायचे."