दुर्गाबाईंचं खोटं मरण

संपादकांचा निरोप सकाळी सव्वानऊला आला, आणि मोबाइलकडे बघता बघता अलकनंदानं वरणभाताचा घास लेकीच्या, देवूच्या, तोंडाऐवजी तिच्या कानाला लावला.

नागपूरच्या एका दिवाळी अंकाला तिनं कथा पाठवली होती. देवू झाल्यापासूनची, म्हणजे सव्वादोन वर्षांतली पहिलीच. 'कथा चांगली आहे,' संपादकांनी लिहिलं होतं, 'पण सासूचं मरण तुम्ही एका ओळीत उरकलंय. वाचणाऱ्याला काहीच होत नाही. शनिवारपर्यंत नवा शेवट द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.'

'पुढच्या वर्षी बघू'चा अर्थ अलका ओळखून होती. गोंदियाला एम.ए. करताना तिच्या नऊ कथा छापून आल्या होत्या आणि त्याच्या दुप्पट परत आल्या होत्या. परत येण्याचं तिला नवल नव्हतं. लागलं ते हे, की संपादकांचं खरं होतं. 'आणि एके दिवशी सासूबाई गेल्या.' ही ओळ तिनं चटका बसल्यासारखी लिहून बोट मागे घेतलं होतं. देवू झाल्यापासून कुणाचंही मरण लिहायला बसलं की तिचा हात आखडायचा. लिहिलं आणि खरं झालं तर? हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणाऱ्या बाईला कळून काय उपयोग?

तेवढ्यात गच्चीवरून आरोळी आली. "मायबाई वो! मेली मी!"

तांदळाचे पापड वाळत घालायला गेलेल्या सासूबाई, दुर्गाबाई, डोक्यावर हात दाबून जिना उतरत होत्या.

"कावळा! डोक्यावर बसला माह्या! अन् वरून टोच मारली!"

अलकाचा नवरा अनुराग ऑफिसला निघाला होता. बुटाची लेस बांधता बांधताच म्हणाला, "आई, निंबावर घरटं आहे त्याचं. पिल्लं आहेत. जवळ गेलं का मारतेच थो."

"तुह्या सिंचाई खात्यात शिकोते काय हे? अपशकुन आहे थो. तुह्या बहिणीले, पुष्पीले, फोन लाव."

दुर्गाबाईंच्या माहेरी, रामपायलीला, यावर एकच तोडगा. कावळा डोक्यावर बसला की समजायचं, मरण दारात आलं. मग परगावच्या जवळच्या माणसाला 'म्हातारी गेली' म्हणून खोटा निरोप धाडायचा. ते माणूस रडलं की मरण फसतं, आपलं काम झालं समजून माघारी जातं. मग खरं काय ते सांगायचं, शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं.

"मी नाही असलं अभद्र बोलणार," म्हणून अनुराग सटकला. दुर्गाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"तूच सांग. तू तं खोटं लिहितेच न, बाई? मंग बोलाले काय जाते?"

असलं तोंडून काढायचं अलकाच्या जिवावर आलं. पण सासूबाईंनी मोबाइल तिच्या हातात दिलाच. तिनं लालबर्र्याला नणंदेला फोन लावला आणि डोळे मिटून म्हणाली, "पुष्पाताई, आई गेल्या हो."

पलीकडून पुष्पलताचं खळखळून हसणं. "कावळा बसला काय वो मायच्या डोक्यावर?"

"ताई, रडा न!"

"कशी रडू? आमच्या धानाच्या मिलमध्ये गिऱ्हाईक बसून आहे समोर." तरी तिनं 'अवो माय वो' असा एक सूर काढला, आणि त्यातच पुन्हा फिसकन हसली. "तुझ्या सांगण्यात काही दमच नाही, अलका!"

संपादकांपाठोपाठ, एकाच सकाळी दुसऱ्यांदा.

दुर्गाबाईंनी ते हसणं ऐकलं. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत. "माह्या पोरीले माह्या मरणाचं हसू येऊन राह्यलं," एवढंच म्हणाल्या. देवू त्यांच्या पाठीवर चढली तर एरवी घोडा होणारी आजी तशीच पडून राहिली.

अलका दारात उभी राहून बघत होती. आजवर ती मरणाचा विचार आला की तोंड फिरवायची. पण ही म्हातारी म्हणत होती ते उलटंच होतं. मरण नीट सांगितलं नाही, म्हणून भ्यायचं. कुणी रडेपर्यंत सांगितलं, तर माणूस वाचतं.

संध्याकाळी देवूला झोपवून तिनं पुन्हा फोन लावला.

"ताई, खोटंच आहे, तुम्हाला माहीत आहे. हसू नका, नुसतं ऐका. आई आज जेवल्या नाहीत."

"बोल," पुष्पलता म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं.

"सकाळी पापड घालायला गेल्या. अर्धे घातले. परातीतलं पीठ तसंच राहिलं, त्यावर त्यांच्या चार बोटांची खूण आहे. मी ती परात घासायला घेतली नाही. चष्मा देव्हाऱ्याजवळ आहे, तुम्ही दांडीला बांधलेला दोरा अजून आहे त्याला. आता संध्याकाळचे सात वाजलेत. आईंना अक्षर वाचता येत नाही, म्हणून मी त्यांच्या मोबाइलवर तुमचा फोटो लावून दिला होता ना, तोंडात लाडू कोंबलेला? सात वाजले की त्या तुमच्या गालावर बोट दाबायच्या. तुम्ही म्हणायच्या, माय, आता गर्दी आहे, मंग लावतो. त्या म्हणायच्या, हौ, लावजो. अन् फोन मांडीवर घेऊन बसायच्या. आज फोन पलंगावर पडून आहे, ताई. देवूनं उचलून आणला. 'आजी, आत्या,' म्हणत घरभर फिरली. मग माझ्याकडे दिला. मी काय सांगू तिला? कोण दाबणार आता?"

पलीकडून हुंदका आला, आणि मग पुष्पलता मिलमधल्या गिऱ्हाइकांची पर्वा न करता मोठ्यानं रडायला लागली. अलकाचेही डोळे वाहत होते. मागे नाक ओढल्याचा आवाज आला. दुर्गाबाई दाराला टेकून, पदर तोंडात धरून, स्वतःच्याच मरणावर रडत होत्या.

त्यांनी फोन ओढून घेतला. "अवो पोरी, नको रडू! मी आहो! जित्ती आहो!"

"मरो तो कावळा!" पुष्पलता ओरडली. "अन् तू बी, माय! अन् ते तुही सूनबी! मी येऊन राह्यली आत्ताच. भात ठेवजा!"

फोन ठेवल्यावर दुर्गाबाई डोळे पुसून ताट घेऊन बसल्या. दोन घास पोटात गेल्यावर म्हणाल्या, "सगळं बराबर सांगतलं तू. पण परातीतलं पीठ काहून सुकू दिलं? मी गेली तं काय झालं, तू घालाचे न पापड!"

शुक्रवारी दुर्गाबाईंनी देवूला दिवसभर सांभाळलं आणि अलकानं ती एक ओळ खोडून चार पानं लिहिली. हात आखडला नाही. मध्ये दोनदा उठून देवूचा श्वास मात्र बघून आली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'कथा घेतोय. शेवट फार आवडला. मात्र जागेअभावी शेवटचं पान काढावं लागेल.' लग्नाआधीची अलका 'चालेल सर' म्हणाली असती. आत्ताही तिनं तेच टाइप केलं होतं. पण पाठवण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवलं.

दुर्गाबाई उडाल्याच. "कापून राह्यला? म्हंजे माहं मरण अर्धंच छापणार थो? अन् उरलेलं कावळा घेऊन येईन मंग! नाही म्हणून सांग त्याले!"

अलका हसली. मग तिनं 'चालेल सर' पुसलं आणि लिहिलं, 'शेवटचं पान काढता येणार नाही. घरून परवानगी नाही.'

पाठवूनही टाकलं. छापतील, न छापतील. खिडकीतून तिनं पाहिलं, तर डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घालून दुर्गाबाई नव्यानं घातलेले पापड गोळा करायला गच्चीचा जिना चढत होत्या, आणि मागून डोक्यावर वाटी धरून देवू.

"देवू, हात धर आजीचा!" अलका ओरडली आणि धावलीच.